रॉड्रिग्जची ऑक्टोपस-बंदी आणि हर्णैची मावशी

बुधवार, पुणे

रॉड्रिग्ज बेटाचा आकार १०८ चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे महापालिकेच्या हद्दीत ते चार वेळा सहज मावेल. मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटरवर, हिंदी महासागरात ते एकटंच आहे. भोवती प्रवाळाचं कडं, आणि त्या कड्याच्या आतलं उथळ पाणी, ज्याला लगून म्हणतात, ते बेटाच्या दुपटीहून मोठं. या पाण्यात बायका पायी चालत ऑक्टोपस धरतात, आज्या-पणज्यांपासून धरत आल्यात. माल घटत चालला तेव्हा २०१२ साली तिथे दोन महिने ऑक्टोपसची मासेमारी थांबवली गेली. तेव्हापासून ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतची ही बंदी त्या बेटाच्या वर्षाचा भागच झाली आहे.

मी रायगड-रत्नागिरीकडच्या मच्छीमार बायकांच्या बचत गटांचं काम करते, राहते पुण्यात. पावसाळी बंदीवर बोलणारी माणसं मला कायम भेटतात. बंदी पाळली आणि पदरात काही पडलं असं सांगणारी फार थोडी. म्हणून रॉड्रिग्जची बंदी उठते त्या दिवशी तिथे हजर राहायचं मी केव्हापासून मनात धरलं होतं. सोबत कोण, हा प्रश्नच नव्हता. माझी मावशी हर्णैची. लग्न होऊन पुण्याला आली आणि अर्धं आयुष्य तिने इथे मासळीचा गाळा चालवला. आता गाळ्यावर सून बसते, पण पहाटेचा माल अजून मावशीच्या नजरेखालूनच जातो.

बॅग भरताना तिने कोकम घेतलं, सुका जवळाही घेतला. जवळा मी काढून ठेवायला लावला. बेटांवरच्या देशांत असे पदार्थ विमानतळावर अडवतात. तिने मुकाट्याने पुडी सुनेकडे दिली आणि मला म्हणाली, “बाय, दोन महिने बंद म्हणतेस. मग त्या बायकांच्या चुली तेव्हा कोण पेटवतं?”

वहीच्या पहिल्या पानावर मी तेवढंच लिहिलं.

गुरुवार, मुंबई ते मॉरिशस

शिवनेरीने रात्रीच मुंबई गाठली. विमानात मावशी झोपली आणि मी वाचत बसले.

बांगडा किंवा सुरमई यांच्या साठ्यात निरनिराळ्या वयाचे मासे एकाच वेळी असतात. एखादं वर्ष वाईट गेलं तरी आधीच्या वर्षांचे मासे पाण्यात असतातच. ऑक्टोपसचं तसं नाही. रॉड्रिग्जच्या लगूनमध्ये जो मुख्यतः सापडतो तो ऑक्टोपस सायनिया, दिवसा शिकारीला निघणारा. त्याचं आयुष्य साधारण वर्ष-सव्वा वर्षाचं. मादी एकदाच अंडी घालते, तीही लाखांत. बिळाच्या छताला ती अंडी चिकटवते, खाणंपिणं सोडून राखण करते, पाणी फिरवत राहते आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. पिल्लं काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहतात, मग तळाला बसतात. म्हणजे दर वर्षीचं पीक जवळजवळ नवं. गेल्या वर्षीच्या आकड्यांवरून यंदाचा अंदाज बांधणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

मात्र याच प्राण्याची दुसरी बाजू अशी की तो झपाट्याने वाढतो. अर्ध्या किलोचा ऑक्टोपस आज सोडून दिला तर दोन महिन्यांत तो कितीतरी पटींनी भरतो. सगळी बंदी या एका गोष्टीवर उभी आहे. पापलेटला दोन महिन्यांत एवढं अंग धरता येत नाही, ऑक्टोपसला येतं.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या ऑक्टोपस मासेमारीबद्दलही वाचलं. तिथे पाठीवर हवेची टाकी घेतलेले डायव्हर थंड पाण्यात उतरून बिळातून महाकाय पॅसिफिक ऑक्टोपस काढतात, आणि बराच माल हॅलिबट माशाच्या गळाला आमिष म्हणून जातो. माणसं मोजकी, परवाने मोजके. रॉड्रिग्जमध्ये सगळं उलटं आहे : पायाला बूट, हातात लोखंडी सळई, आणि लगूनमध्ये जो चालू शकतो तो मच्छीमार.

मॉरिशसच्या विमानतळावर आम्हाला घ्यायला निवृत्त मराठी शिक्षिका आल्या होत्या. एका संमेलनात माझी त्यांची ओळख झाली होती. त्यांचे पूर्वज १९व्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर आले. पश्चिम किनाऱ्याजवळच्या कास्कावेलच्या बाजूला आजही मराठी कुटुंबांची वस्ती आहे आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. बाईंनी पिठलं-भात केला होता. मावशी जेवली आणि म्हणाली, “मीठ आमच्यासारखंच घालता हो बाई.” दोघींचं त्या क्षणापासून जमलं. तिथली क्रियोल भाषा आम्हा दोघींना येत नव्हती, त्यामुळे बाई रॉड्रिग्जला आमच्यासोबत येणार होत्या. त्यांच्याशिवाय ही सफर म्हणजे नुसतं बघणं झालं असतं.

शुक्रवार, मुरुक

छोटं एटीआर विमान, दीड तासाचा प्रवास. खाली पाण्याचे इतके हिरवे-निळे पट्टे दिसायला लागले की मावशीने खिडकीची जागा शेवटपर्यंत सोडली नाही. कड्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ आधी दिसते, बेट नंतर.

उतरलो ते आग्नेय किनाऱ्यावरच्या मुरुकला, एका घरगुती खानावळीत. वारा इथे थांबतच नाही. किनाऱ्याला लाकडाच्या उंच मांडवासारख्या काठ्या रोवलेल्या आहेत. ऑक्टोपस पसरून वाळवायच्या त्या काठ्या, आणि सगळ्या रिकाम्या. बोंबलाच्या वलांडी पावसाळ्यात रिकाम्या असतात तशाच, असं मावशी म्हणाली आणि जवळ जाऊन एका काठीला हात लावून आली.

रात्री जेवणात मासा होता, लाल राजमा होता, लिंबाचं तिखट लोणचं होतं. ऑक्टोपस नव्हता. खानावळीची मालकीण, वय साठीच्या आसपास, पूर्वी स्वतः सळई घेऊन लगूनमध्ये जायची. पर्यटक मागतात का, असं मी विचारलं. मागतात, म्हणाली, आणि मी त्यांना तारीख सांगते. या दोन महिन्यांत पकडणाऱ्याइतकाच विकणाराही दोषी धरला जातो, असं तिने समजावलं. पकडणाऱ्याला अख्ख्या लगूनमध्ये शोधणं अवघड. पण ताटात वाढलेला ऑक्टोपस कुणालाही दिसतो.

हे ऐकून मी मावशीकडे पाहिलं. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. सगळा जोर बोटींवर. त्याच दिवसांत पुण्यातल्या फळ्यांवर काय येतं आणि ते कुठून येतं, याची चौकशी करायला कुणी आलेलं मावशीने कधी पाहिलेलं नाही.

शनिवार, पोर्ट माथुरिन

राजधानीचा शनिवारचा बाजार भल्या पहाटे भरतो आणि उन्हं वर येईस्तोवर संपतो. मध, छोट्या जहाल मिरच्या, केवड्यासारख्या पातींच्या टोपल्या, लोणच्यांच्या बाटल्या. मावशीला वाळवलेला ऑक्टोपस बघायचा होता. तो एकाही फळीवर नव्हता. एका बाईला बाईंनी क्रियोलमध्ये विचारलं तर तिने दोन बोटं दाखवली : दोन दिवस थांबा.

रविवार, लगूनच्या काठाने

सकाळी चर्चच्या घंटा. बेटावरचे बहुतेक लोक कॅथलिक. दुपारी एका वयस्क मच्छीमाराबरोबर काठाकाठाने चाललो. ऑक्टोपसचं बीळ कसं ओळखायचं हे त्याने दाखवलं. तोंडाशी दगड रचलेले असतात, आणि बाहेर खाल्लेल्या खेकड्यांची कवचं, शिंपल्यांचे तुकडे पडलेले असतात. घरच्या मालकाने केर दारातच टाकला की पत्ता लागतोच. मावशी खाली वाकून बघत होती. हर्णैच्या खडपांवर तिने लहानपणी कालवं काढली होती. ओहोटीला कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

पहिल्या बंदीची गोष्ट त्याने सांगितली. बंदी एका दिवसात आली नाही. त्याआधी रॉड्रिग्जचे काही मच्छीमार मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर जाऊन आले होते. तिथल्या आंदावादुआका गावात वेझो लोकांनी २००४ साली नोसी फासी नावाच्या खडकाळ भागात सात महिने ऑक्टोपस धरणं थांबवलं होतं. उघडल्यावर माल इतका मिळाला की शेजारची गावं आपणहून तसं करायला लागली. २००६ मध्ये त्यातून वेलोंद्रियाके हे गावांनी मिळून सांभाळलेलं सागरी क्षेत्र उभं राहिलं. नियम गावकऱ्यांच्या सभेत ठरतात, दंडही गावच ठरवतं. अशा ३६ बंद्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उघडल्यानंतरच्या महिन्यात त्या जागांवरची आवक सातशे टक्क्यांहून जास्त वाढलेली दिसली. रॉड्रिग्जच्या माणसांनी कागद पाहून निर्णय घेतला नाही. दुसऱ्या मच्छीमारांच्या दारात बसून, त्यांच्या तोंडून ऐकून घेतला. माझ्या कामात मी हेच पुन्हा पुन्हा बघते : वेंगुर्ल्याची बाई श्रीवर्धनच्या बाईचं ऐकते, आमचं भाषण ऐकत नाही.

मग मावशीने वहीतला प्रश्न स्वतःच विचारला, बाईंमार्फत. चुली कोण पेटवत होतं?

रॉड्रिग्ज मॉरिशस देशाचाच भाग, पण त्याला २००२ पासून स्वायत्तता आहे, स्वतःची प्रादेशिक सभा आहे. बंदीच्या काळात त्या सभेने मच्छीमारांना दुसरं काम दिलं, किनारे साफ करणं, ओढे साफ करणं, आणि त्याची मजुरी दिली. मावशीने लगेच पुढचं विचारलं : बायकांना पण? म्हातारा म्हणाला, ज्यांची नावं नोंदलेली होती त्यांना. आणि इथे बायकाही मच्छीमार म्हणून नोंदलेल्या असतात. ज्यांची नावं नव्हती त्यांच्यावरून भांडणं झाली, अजून होतात.

मावशी बराच वेळ चालत राहिली. मग म्हणाली, “आईनं टोपली डोक्यावर घेऊन हर्णै बंदरात जन्म काढला. मी पुण्यात. आमचं नाव कुठल्या यादीत होतं गो? नाव बोटीच्या मालकाचं, नाहीतर खलाशाचं.”

तोंडावर काच लावून खोल पाण्यात उतरणाऱ्या पुरुषांबद्दलही त्याने सांगितलं. पायी चालणाऱ्या बायका गुडघाभर, कमरेभर पाण्यात. कड्याच्या बाहेरच्या उतारावर त्या जाऊ शकत नाहीत, आणि अंडी राखणाऱ्या माद्यांना तिथे आसरा मिळतो असं मानलं जातं. होडीतून जाऊन बुडी मारणारा तिथेही पोचतो. मॉरिशसमध्ये पाण्याखालच्या बंदुकीने भाला मारणं बेकायदा आहे. तरी साधी सळई आणि दमदार छाती एवढं पुरतं. उथळ पाण्यातली बंदी कितीही नीट पाळली तरी बाहेरचा आसरा उघडा पडला तर पुढचं पीक कुठून येणार? मला हा या मासेमारीतला सगळ्यात नाजूक भाग वाटतो, आणि त्यावर बोलताना म्हाताऱ्याचाही आवाज खाली गेला.

सोमवार, बंदी उठली

पहाटे अंधारातच गाड्यांचे आवाज सुरू झाले. आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा शंभराच्या वर माणसं उभी होती. गवती टोप्या, जाड बूट, लांब बाह्यांचे सदरे, कमरेला पिशवी, हातात सळई. बायका एकमेकींना हाका मारत होत्या, थर्मासमधला चहा फिरत होता. नारळी पौर्णिमेला हर्णैला अशीच गर्दी असते, पण तिथे बायका काठावर पूजेचं ताट घेऊन असतात. इथे त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. मावशीने हे पाहिलं आणि पदर खोचला.

पाणी सुकतीला लागलं तशी रांग पसरली. काठावरून बघताना माणसं हळूहळू लहान ठिपके होत जातात. एक-दोन किलोमीटर आत गेली तरी पाणी मांडीच्या वर येत नाही. खानावळीच्या मालकिणीच्या पुतणीने आम्हाला सोबत घेतलं. एक अट घातली : तिच्या पावलावर पाऊल ठेवायचं, जिवंत प्रवाळावर नाही. वाळू आणि गवताच्या पट्ट्यातून ती वाट काढत होती. पूर्वी लोक दगड उलथवून शोधायचे, दगड तसेच उलटे टाकून जायचे. ते आता करू नये असं शिकवतात, कारण उलटलेल्या दगडाखालचं सगळं मरतं.

वीसेक मिनिटांत ती थांबली. मला तिथे काहीच दिसत नव्हतं. मावशी हळूच म्हणाली, “ती बघ, कवचं.” पुतणीने सळई बिळात घातली, खुपसली नाही, नुसती हलवली. आतून एक हात बाहेर आला आणि सळईला गुंडाळला गेला, मग दुसरा. तिने बेताने ओढलं, एका झटक्यात वर काढलं आणि डोळ्यांच्या मधे टोक मारून संपवलं. तपकिरी रंग क्षणात पांढरा पडला. मी बघत होते, आणि मला वाईटही वाटत होतं. इतका सावध, इतका हुशार प्राणी. पण ते मरण पटकन होतं, आणि ते देणाऱ्या बाईने त्यासाठी दोन महिने वाट पाहिली होती.

मावशीने तो हातात तोलला. “दोन किलोला थोडा कमी.” नंतर काट्यावर तसंच निघालं. बंदीच्या आधी, पुतणी म्हणाली, अर्ध्या-पाऊण किलोचे जास्त मिळायचे. तिने तो तारेत ओवला आणि पाण्यातून ओढत पुढे निघाली. भरती येईपर्यंत तारेवर माळ झाली होती.

काठावर व्यापाऱ्यांची माणसं काटे आणि बर्फाच्या पेट्या घेऊन बसली होती. मत्स्य खात्याची माणसं वजनं लिहून घेत होती. कुणाचं किती, कुठल्या भागातलं, नर की मादी. मावशी काट्यापाशी जाऊन उभी राहिली ती हललीच नाही. प्रत्येक वजन बघत होती, काट्याचा शून्य बघत होती. एका बाईच्या पिशवीतलं पाणी न निथळता वजन होऊ लागलं तेव्हा व्यापारीच थांबला आणि पिशवी उपडी केली. मावशीने मान हलवली, बरोबर आहे अशी.

संध्याकाळी काठ्या भरल्या होत्या. हात पसरलेले, वाऱ्यावर सुकायला टांगलेले ऑक्टोपस मावळतीच्या उन्हात आरपार दिसत होते. जेवणात ऑक्टोपसची कढी होती; तो आधी आपटून आपटून मऊ करतात. मावशीने त्यात आपलं कोकम घालून बघितलं आणि मालकिणीला वाटी भरून दिली. मालकिणीने कोकमं मागून घेतली.

मंगळवार

पहिल्या दिवशीचा आनंद खरा होता, पण या दिवसाने हिशेब दाखवला. जवळच्या भागात माल कालच्यापेक्षा कमी. उघडल्याबरोबर सगळे एकदम उतरतात. वर्षभर दुसरी कामं करणारेही त्या दिवशी सळई घेतात. मादागास्करमध्येही असंच दिसलं आहे : वाढीव मालाचा मोठा वाटा पहिल्या काही दिवसांतच निघून जातो. एकदम माल आला की भाव बसतो, आणि ज्याच्याकडे बर्फ नाही त्याला पडेल त्या भावाने द्यावा लागतो. म्हणून बंदी ही अर्धीच गोष्ट झाली. उघडल्यानंतर किती जणांनी, किती दिवस, कुठल्या भागात जायचं, हे ठरवणं जास्त अवघड आणि जास्त अप्रिय काम आहे. बेटाच्या उत्तरेला चार सागरी राखीव क्षेत्रं आहेत आणि आग्नेयेला एक मोठं सागरी उद्यान. कायम राखलेले हे तुकडे नसते तर दोन महिन्यांची बंदी एकटी कितपत टिकली असती, मला शंका आहे.

रात्री चोरून धरणारेही आहेत. पुतणीने ते लपवलं नाही. ते कोण आहेत हे गावाला माहीत असतं, असंही तिने सांगितलं, आणि त्यांचा माल घ्यायला बंदीत कुणी धजत नाही, हेही.

बुधवार आणि गुरुवार

परतीचा प्रवास. मॉरिशसला बाईंनी मावशीला साडी नेसवली आणि ओटी भरली. दोघी रडल्या.

शनिवार, गणेश पेठ

पहाटेच मावशीने मला गणेश पेठेच्या मासळी बाजारात बोलावलं. कोकणातून, मुंबईहून, गुजरातेतून रात्रभर आलेल्या गाड्या रिकाम्या होत होत्या. सुनेने लिलावात एक पेटी बघून ठेवली होती : पापलेट, माझ्या तळहाताहूनही लहान. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा धरायचा नाही, असा नियम. पेटी आमच्यासमोर होती.

“ही नको,” मावशी म्हणाली.

“आई, आपण नाही घेतली तर शेजारचा गाळा घेईल,” सून म्हणाली. “गिऱ्हाईक स्वस्तातलं पापलेट मागतं. तिकडे गेलं की परत येत नाही. गाळ्याचं भाडं त्यातूनच निघतं ना?”

सून चुकीचं बोलत नव्हती. रॉड्रिग्जमध्ये ज्या बाईने ऑक्टोपस विकायला नकार दिला तिला ठाऊक होतं की शेजारच्या खानावळीतही तो मिळणार नाही. इथे एकट्या गाळ्याने नकार दिला तर नुकसान त्या एकटीचं. मावशीने हे सुनेला तसंच सांगितलं, तिच्यावर न रागावता, आणि पेटी त्या दिवशी खरोखरच घेतली नाही. शेजारच्या गाळ्याने घेतली.

मग ती ओळीतल्या गाळ्यांवर गेली. चार बायकांनी ऐकून घेतलं, काट्यापाशी लिहून घेणाऱ्या माणसांचं ऐकून एकीने बरेच प्रश्न विचारले. दोघींनी सरळ नाही म्हटलं. लहान पापलेट सगळ्यांनी मिळून नाकारलं तर पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येकीला किती खोट बसेल आणि ती बचत गटाच्या पैशांतून किती भरून काढता येईल, हे आधी मांडून दाखव, असं त्यांचं म्हणणं. सोमवारी मासळी कमी खपते, तेव्हा दुपारी मावशीच्या घरी बसायचं ठरलं आहे. गाळ्यांच्या खरेदीच्या वह्या त्या आणणार आहेत, हिशेबाचे तक्ते मी.